बक्षीस कंपनीचे, प्रश्न गावाचा
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त केशोरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

समितीची मंडळी मला म्हणाली, 'सर, धम्मावर बोलणारे पुष्कळ आहेत, यंदा तुम्ही पोरांसाठी बोला.' विषयही त्यांनीच दिला. शाळेत एका मोठ्या कंपनीच्या स्पर्धेचे पत्रक आले आहे. आपल्या परिसरातील एखादी समस्या शोधा, ती सोडविण्याचा प्रकल्प तयार करा आणि लाखांचे बक्षीस मिळवा, अशी ती स्पर्धा. त्यावरून पालकांत दोन तट पडले म्हणे. एक म्हणतात, ही कंपनीची जाहिरात, पोरांचा अभ्यास बुडेल. दुसरे म्हणतात, लाखाचं बक्षीस हाय, कायले सोडता? आज सकाळपासून दोन्ही बाजू माझ्या कानावर आल्या आहेत. चहा दोन्हीकडचा घेतला, म्हणून आता दोघांनाही थोडे बोलणार आहे.

प्रथम ही स्पर्धा म्हणजे काय प्रकार आहे तो समजून घेऊ. ही पद्धत आपल्याकडे नवी वाटते, पण बाहेर ती जुनी आहे. अमेरिकेत प्रुडेन्शियल या विमा कंपनीने १९९५ साली समाजसेवा करणाऱ्या शाळकरी मुलांसाठी पुरस्कार सुरू केले. त्याच धर्तीवर भारतात २०१० पासून प्रामेरिका या नावाने ते देण्यात येऊ लागले. विप्रो कंपनीने २०११ मध्ये 'अर्थियन' नावाचा उपक्रम सुरू केला, तो पर्यावरणासाठी. सॅमसंग कंपनीची 'सॉल्व्ह फॉर टुमॉरो' ही स्पर्धा अमेरिकेत २०१० साली सुरू झाली आणि २०२२ मध्ये भारतात आली. पहिल्या वर्षी १६ ते २२ वयाच्या मुलांसाठी ती होती, आणि पहिल्या तीन संघांना मिळून एक कोटी रुपयांपर्यंतचे पारितोषिक होते. दिल्लीच्या आय.आय.टी.चे साहाय्य होते. २०२४ मध्ये तिचे दोन भाग केले, १४ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलांचा एक आणि १८ ते २२ वर्षांच्या तरुणांचा दुसरा. त्या वर्षी शालेय गटात पहिले कोण आले? दिल्लीचे नाहीत, मुंबईचे नाहीत. आसाममधील गोलाघाटची मुले आली. पिण्याच्या शुद्ध पाण्याचा त्यांचा प्रकल्प होता, आणि तो पुढे नेण्यासाठी २५ लाख रुपये मिळाले. तरुणांच्या गटात कर्नाटकातील उडुपीच्या संघाला ५० लाख मिळाले. भूजलातील आर्सेनिक, म्हणजे सोमल हे विष, काढून टाकण्याचे तंत्र त्यांनी बसविले होते.

गोलाघाट हा जंगलाच्या कडेचा जिल्हा आहे. आपल्यासारखाच. तेव्हा 'केशोरीच्या पोराले कोण इचारते' हे म्हणणे आधी बाजूला ठेवा.

आता कंपनी हे का करते? दानधर्म म्हणून करते का? थोडा कायदा सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे, ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटींची, किंवा उलाढाल १००० कोटींची, किंवा निव्वळ नफा ५ कोटींचा, अशा प्रत्येक कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च केली पाहिजे. त्यात शिक्षण येते, आरोग्य येते, पर्यावरण येते. तेव्हा ज्या स्पर्धेचा खर्च या खात्यातून होतो, तिथे कंपनी आपल्यावर उपकार करीत नाही, कायदा पाळते. पुढे २०२१ मध्ये सरकारने नियमांत दुरुस्ती करून आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. आपल्या मालाचा खप वाढावा म्हणून कंपनीने काही प्रायोजित केले, तर तो खर्च या दोन टक्क्यांत धरता येणार नाही. म्हणजे जाहिरात वेगळी आणि समाजकार्य वेगळे, हे सरकारलाही लिहून ठेवावे लागले. कोणती स्पर्धा कोणत्या खात्यातली, हे पत्रकावरून कळत नाही. ते विचारावे लागते. विचारायला लाजू नका.

नावाबद्दल मात्र मला धम्माच्याच अंगाने दोन शब्द बोलायचे आहेत. श्रावस्तीचा सुदत्त नावाचा व्यापारी आपल्या सर्वांना माहीत आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर मोठा उद्योगपती. भगवंतांसाठी आणि संघासाठी त्याला जागा हवी होती. जेत राजकुमाराची बाग त्याला आवडली. राजकुमार म्हणाला, बाग सोन्याच्या नाण्यांनी झाकशील तरी देणार नाही. सुदत्ताने गाड्या भरून नाणी आणली आणि अंथरायला लागला. थोडी जागा उरली तेव्हा राजकुमाराचेही मन पालटले, ती जागा त्याने स्वतः दिली आणि तिथे प्रवेशद्वाराची कोठी बांधली. आता त्या विहाराचे नाव काय पडले? जेतवन, अनाथपिंडिकाचा आराम. दोघांची नावे राहिली. पण गंमत पहा, त्यात 'सुदत्त' हे आईबापांनी ठेवलेले नाव नाही. अनाथांना अन्न देणारा, म्हणून लोकांनी दिलेले 'अनाथपिंडिक' हे नाव राहिले. त्याने काही ते भिंतीवर रंगवून घेतले नव्हते.

आता आपल्याकडची गोष्ट. नाव घेत नाही, कारण कुणाला दुखवायचे नाही. एका शाळेत असाच एक प्रकल्प झाला. मुलांनी हात धुण्यासाठी नळांची रांग बसविली, शोषखड्डा खणला. फोटो निघाले, मोठे साहेब आले, भिंतीवर देणाऱ्याचे नाव तीन फुटी अक्षरांत रंगविले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी तिथे गेलो तेव्हा नळाच्या तोट्या गेल्या होत्या, शोषखड्डा बुजला होता, अक्षरे तेवढी ठणठणीत होती. रंग चांगल्या प्रतीचा असावा! मुलांचा दोष नव्हता. ती मुले दहावी होऊन गेली होती. प्रकल्प कोणाच्या हवाली करायचा, हा रकानाच स्पर्धेच्या फॉर्मात नव्हता.

स्पर्धा संपतात, ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत ती सुरू झाली. सातारा जिल्ह्यातील वेळू गाव त्या वर्षी पहिले आले. उन्हाळ्यातले पंचेचाळीस दिवस, सारे गाव कुदळ-फावडे घेऊन माथ्यावर. उद्योगसमूहांचा पैसा त्यामागेही होता. २०१९ नंतर ती स्पर्धा झाली नाही. जिथे गावाने काम आपले मानले तिथे ते बांध नंतरही सांभाळावे लागले, आणि त्याला गुण देणारे कोणी नव्हते.

मग 'कंपनीचा पैसा नकोच' असे मी म्हणतो का? नाही. बाबासाहेबांकडे पहा. १९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. करारही करून घेतला होता, शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी. अट होती, पण बाबासाहेबांनी पैसा नाकारला नाही. आणि त्या पैशावर कोलंबिया विद्यापीठात जाऊन त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास तर केलाच, शिवाय ९ मे १९१६ रोजी एका चर्चासत्रात जो निबंध वाचला तो कशावर होता? भारतातील जातींवर! न्यूयॉर्कच्या प्राध्यापकांना जो प्रश्न ठाऊकही नसेल, तो या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्यांच्यापुढे मांडला. पैसा बडोद्याचा, विद्यापीठ अमेरिकेचे, आणि प्रश्न स्वतःचा. मुलांनो, मला आज जे सांगायचे आहे ते एवढ्यात आले.

कारण अडचण इथेच आहे. काल संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर चार-पाच पोरे-पोरी भेटली. मी विचारले, आपल्या गावातली मोठी समस्या कोणती? झटकन उत्तरे आली. प्रदूषण. प्लास्टिक. ग्लोबल वॉर्मिंग. सगळी पुस्तकातली. मी म्हटले, बरं, ते राहू द्या. तुमच्या आईला दिवसभरात सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो? सगळे गप्प झाले. मग मागून एक मुलगी म्हणाली, 'सर, सातऱ्यावरून आली का हात जळते तिचे. रातभर झोपत नाई.'

मिरचीसाठी आपल्या गावाचे नाव लांबवर घेतात. पण त्या मिरचीची देठे मोडणाऱ्या हातांचे काय होते, हे नाव घेणाऱ्यांना ठाऊक नसते. आपल्या भागात सातऱ्यावर बसणाऱ्या आयाबायांना ते सांगावे लागत नाही. संध्याकाळी हात पाण्यात बुडवून बसतात, आणि आग कमी होत नाही. का होत नाही? मिरचीत कॅप्सेसिन नावाचे द्रव्य असते. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून आधी तेल चोळावे, ते पुसून काढावे, मग साबणाने धुवावे, तर फरक पडतो. आता विचार करा. कामाला बसण्यापूर्वी हाताला तेल लावले तर किती फरक पडतो? कोणते तेल? हातमोजे घातले तर देठ मोडायचा वेग कमी होतो का? मजुरी किलोवर असेल तर वेग कमी होणे म्हणजे मजुरी कमी होणे, मग कितीही चांगले मोजे दिले तरी बाई ते काढून ठेवणार. मग बोटांपुरते पातळ आवरण चालेल का? त्या पोराबाळांचे काय, ज्यांना आई त्याच हातांनी घेते? हा प्रकल्प आहे. दिल्लीच्या परीक्षकाला हा प्रश्न सुचणार नाही, कारण त्याच्या आईचे हात जळलेले नाहीत. तुम्हांला सुचला. दहा बाया, दोन आठवडे, एक वही, एवढ्यावर सुरुवात होते.

याच संदर्भात एक गोष्ट सांगतो. अहमदाबादला रिव्हरसाइड नावाची शाळा आहे, किरण बीर सेठी या बाईंनी काढलेली. त्यांनीच २००९ मध्ये 'डिझाइन फॉर चेंज' ही मुलांची चळवळ सुरू केली, ती पुढे अनेक देशांत गेली. त्यांची रीत चार पायऱ्यांची आहे, जाणा, कल्पना करा, करा आणि सांगा. सोपी आहे, यंत्र लागत नाही, म्हणून मला ती आवडते. त्या शाळेतल्या मुलांना बालमजुरी म्हणजे काय ते कळावे म्हणून आठ तास उदबत्त्या वळायला बसविले होते. पाठी दुखल्या, आणि मग ती मुले शहरात जाऊन लोकांना बालमजुरीविरुद्ध सांगू लागली. चांगला प्रयोग आहे, मी त्याला नावे ठेवीत नाही. पण हे ऐकताना मला आपला भंडारा-गोंदियाचा मुलूख आठवला. तेंदूपाने तोडताना, बिड्या वळताना आईच्या शेजारी बसून सूत गुंडाळणारी किती पोरे या मुलखात मोठी झाली! इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांतही असतील. आपल्याकडे पहिली पायरी, ती 'जाणा', चढायला कुठे जावे लागत नाही. आपण त्या पायरीवरच जन्मतो. अडते ते चौथ्या पायरीवर. सांगायला कोण उभा राहतो, तिथे.

आता मी थोडे कडू बोलणार आहे. या स्पर्धांत संघ असतो. संघात चार-पाच मुले. मी अनेक शाळांतून पाहिले आहे, काम वाटले जाते तेव्हा झाडू, फावडे, बादली आपल्या पोराच्या हाती येते, आणि सादरीकरणाच्या दिवशी माईक दुसऱ्याच्या हाती जातो. कुणी मुद्दाम करते असे नाही. 'त्याचं इंग्रजी बरं हाय', 'तिले स्टेजची सवय हाय', 'हा मेहनती पोरगा हाय' असे म्हणत म्हणत होते. पण आपल्या समाजाला झाडूचा इतिहास आहे. गावकीची कामे, मेलेले ढोर ओढणे, वेठ, हे सगळे 'गावाची सेवा' या गोड नावाखालीच चालत होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यावर विधेयक मांडले ते या सेवेतून माणसे सोडविण्यासाठी. तेव्हा स्पर्धेच्या कागदावर 'समुदाय' असे लिहिले असेल तर विचारा, समुदाय म्हणजे कोण? सगळे गाव ना? मग सगळ्यांच्या हातात झाडू पाहिजे.

झाडूला कमीपणा नाही. आपल्याच विदर्भातले गाडगेबाबा, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे, हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. पंढरपूरची आपली धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला दिली. पण बाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला तेच उभे राहायचे. खराटाही त्यांचा, बोलणेही त्यांचे. तुमच्या संघातही तसेच करा. मी शिक्षकांना हात जोडून सांगतो, प्रत्येक मुलाने खणले पाहिजे आणि प्रत्येक मुलाने बोलले पाहिजे. मुलींनी तर आधी. मराठीत बोलला म्हणून गुण कमी होत असतील तर तशी लेखी विचारणा आधीच करा.

तलावाचे थोडक्यात सांगतो, नाहीतर अध्यक्ष घड्याळ दाखवतील. ज्यांना सातऱ्याचा विषय नको, त्यांनी मामा तलाव घ्यावा. मालगुजारी १९५१ साली गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाळ कोणी बघायची, तुडुम कोणी दुरुस्त करायचे, हे कोणाचेच काम राहिले नाही. गाळ भरला, बेशरम माजली. आपल्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि त्यांचे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर बांधवांबरोबर वर्षानुवर्षे काम केले आहे. बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, त्यांच्या आसऱ्याला देशी मासे परत आले. त्यांनी ते मासेमाराला विचारून केले, कारण कोणत्या गवतात कोणता मासा अंडी घालतो हे त्यालाच ठाऊक होते. स्पर्धेची मुदत काही महिन्यांची असते, तलावाला काही वर्षे लागतात. म्हणून मुलांनी एवढेच घ्यावे: एका तलावाची वही. पाणी कोणत्या महिन्यात कुठपर्यंत, कोण कशासाठी वापरतो, कोणते मासे मिळतात आणि कोणते मिळेनासे झाले, म्हाताऱ्या माणसांना काय आठवते, आणि कोणत्या घाटावर कोण उतरते हेही. महाडचे चवदार तळे २० मार्च १९२७ ला कशासाठी गाठले होते, ते आपण दरवर्षी भाषणात सांगतो. आपल्या तलावाच्या घाटांची नोंद मात्र कोणी केली नाही.

राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. ज्या स्पर्धेत प्रवेशासाठी पैसे मागतात, तिकडे फिरकू नका. फॉर्मवर सही करण्यापूर्वी नियम पूर्ण वाचा, इंग्रजीत असतील तर वाचून घ्या. मुलांच्या कल्पनेवर, फोटोवर, व्हिडिओवर हक्क कोणाचा राहील, हे त्यात लिहिलेले असते. मुले अठरा वर्षांखालची आहेत, पालकांची संमती लागते, तेव्हा अंगठा-सही देण्याआधी विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. बाहेरगावी जाण्याचा खर्च कोण करणार, मुलींसोबत कोण जाणार, हे आधी ठरवा. बक्षिसाची रक्कम मुलांच्या हातात येते की प्रकल्पासाठी टप्प्याटप्प्याने येते, तेही पहा. बहुधा दुसरेच असते, आणि घरात उगाच भांडणे लागतात.

अध्यक्षांना माझी एक विनंती आहे. रविवारची वंदना झाल्यावर विहाराचे सभागृह दोन तास या मुलांना द्यावे. एक टेबल, एक कपाट, आणि ते कपाट कुलूपबंद, कारण वह्या पुढच्या वर्गाच्या मुलांच्या हवाली करायच्या आहेत. त्या शाळेत जो रकाना नव्हता, तो आपल्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या: हे काम पुढे कोण बघणार, त्याचे नाव आणि सही. समितीतल्या कोणी ती सही केली तर फार बरे. आणि सातऱ्याचा प्रकल्प झालाच, तर दिल्लीला पाठविण्याआधी तो इथे, या सतरंजीवर, त्या दहा बायांपुढे मांडा. त्या 'हो' म्हणाल्या तरच पाठवा. त्यांना प्रश्न विचारू द्या, मध्येच उठून 'हे काई बरोबर नाई' म्हणू द्या. त्यांना वेळ मिळतो तो रात्री जेवणानंतर, तेव्हा सभाही रात्रीच ठेवा.